सरसाचा सांधा

प्रयोगशाळेत तिला सगळे चिमटाबाई म्हणत. कारण साधं होतं. ती कुठलीच वस्तू नुसत्या बोटांनी उचलत नसे. हाडाचा कण असो, दाताचा तुकडा असो की साधं डबीचं झाकण, हातात मोजा आणि मोज्यात चिमटा. घरी सासूबाई म्हणायच्या, "हिचं चाललं तर ही मटारसुद्धा चिमट्यानं सोलेल." पण तिचं कामच तसं होतं. हजारो वर्षांच्या हाडाला तिच्या बोटाचा घाम लागला, तर यंत्र त्या मेलेल्या माणसाऐवजी तिचीच कुंडली मांडून मोकळं व्हायचं. जुन्या हाडांत आणि दातांत उरलेली प्रथिनं आणि डीएनए शोधून काढायचे, आणि ते माणूस कोण होतं हे सांगायचं, हा तिचा सोळा वर्षांचा उद्योग.

त्या वर्षी शहरातल्या संग्रहालयाची नवी इमारत पुरी होत आली होती. जुन्या इमारतीच्या मधल्या दालनात चाळीस वर्षं एक मोठी काचेची पेटी उभी होती. तिच्यात एकाच खड्ड्यात सापडलेले दोन सांगाडे होते. मोठा कुशीवर वळलेला, लहान त्याच्या छातीशी. मोठ्याच्या हाताजवळ दगडी कुऱ्हाड. पाटीवर लिहिलं होतं, 'पिता आणि पुत्र'. शहरातलं प्रत्येक शाळकरी पोर कधी ना कधी त्या पेटीसमोर उभं राहिलेलं असे. चिमटाबाईनंही आठवीत असताना ती पाटी वहीत उतरवून घेतली होती, आणि निबंधात त्यावर दहापैकी आठ गुण मिळवले होते.

पेटी हलवायचीच आहे तर एकदा तपासणी करून घेऊ, असं संग्रहालयाच्या प्रमुखांच्या मनात आलं. नव्या पाटीवर 'आधुनिक तंत्राने सिद्ध' अशी एक ओळ वाढली असती. मोठ्या सांगाड्याच्या बरगडीचा आणि मांडीच्या हाडाचा एकेक तुकडा आणि लहानाच्या बरगडीचा एक, असे नखाएवढे तीन नमुने चिमटाबाईकडे आले. तिनं महिनाभर काम केलं. तिन्ही नमुन्यांचं उत्तर एकच आलं.

गाय.

बैठकीत तिनं तो कागद प्रमुखांसमोर ठेवला. प्रमुख सभ्य गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बाई, पेटीत दोन कवट्या आहेत. मी रोज बघतो. शिंगं नाहीत त्यांना."

टेबलाभोवतीची माणसं हसली. चिमटाबाई हसली नाही.

"नमुन्यांची अदलाबदल झाली असेल," कोणी तरी सुचवलं.

"नाही झाली. प्रत्येक डबी मीच उघडली, मीच बंद केली."

"मग यंत्र बिघडलं असेल."

"त्याच दिवशी त्याच यंत्रात दुसरी अकरा हाडं गेली. अकराच्या अकरा बरोबर आली."

"मग ही गाय आली कुठून?" प्रमुखांनी विचारलं.

"ते मला अजून माहीत नाही. सहा आठवडे द्या."

"उद्घाटन आठ आठवड्यांवर आलंय. सहा आठवड्यांत काही निघालं तर ठीक. नाहीतर आहे ती पाटी लागेल, आणि ही तपासणी झालीच नाही असं आपण समजू."

बाहेर आल्यावर तिच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडम तिला जिन्यात म्हणाल्या, "सोडून दे. हात दाखवून अवलक्षण कशाला? माणसाची गाय केली म्हणून गावभर हसं होईल."

"होऊ दे. पण चूक कुठे झाली हे कळल्याशिवाय मी दुसरं एकही हाड हातात घेणार नाही. आज गाय आली म्हणून आपल्याला चूक दिसली तरी. उद्या एखादं पटण्यासारखं चुकीचं उत्तर आलं, तर दिसणारही नाही."

मॅडमनी सुस्कारा सोडला. चिमटाबाई एकदा हट्टाला पेटली की ऐकत नाही, हे त्या ओळखून होत्या.

दुसऱ्या दिवशी तिनं मांडीच्या हाडाचा उरलेला कपटा भिंगाखाली धरला. तुटलेल्या कडेला पिवळसर तपकिरी रंगाचा पातळ थर होता, वाळलेल्या मधासारखा. तिनं त्याचा कण खरवडून कोमट पाण्यात टाकला. सकाळी टाकलेला कण दुपारच्या चहापर्यंत फुगला, मऊ झाला, आणि चिमट्याच्या टोकाला चिकटून वर आला.

मग ती संग्रहालयात जाऊन पेटीची जुनी फाईल काढून बसली. सांगाडे जोडले तेव्हाच्या नोंदीत टंकलेखनात लिहिलेलं होतं, 'सर्व सांधे कृत्रिम राळेने जोडले.' कृत्रिम राळ कोमट पाण्यात दिवसभर ठेवली तरी ढिम्म हलत नाही. म्हणजे हाडांना लावलं होतं ते राळेपेक्षा काही तरी वेगळं. नोंदीखाली सही होती. ती सही तिनं घरच्या किती तरी कागदांवर पाहिलेली होती. तिच्या सासऱ्यांची.

सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणत. एकतीस वर्षं ते संग्रहालयात फुटक्या-तुटक्या वस्तू सांधायचं काम करत होते. रांजण, मूर्ती, हाडं, सगळं. 'पिता आणि पुत्र' त्यांनीच जोडले हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बैठकीच्या खोलीत त्याचं प्रशस्तिपत्रक टांगलेलं होतं, 'आधुनिक पद्धतीने केलेल्या उत्कृष्ट जोडकामाबद्दल'. चिमटाबाई या घरात आली तेव्हा नवऱ्यानं तिला सगळ्यात आधी दाखवलं ते हेच.

रविवारी दुपारी आप्पा गॅलरीत खुर्चीचा निखळलेला पाय बसवत होते. ती शेजारी स्टुलावर बसली.

"आप्पा, पेटीतले सांगाडे तुम्ही कशानं जोडले होते?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "फाईलीत काय लिहिलंय?"

"कृत्रिम राळ."

"मग तेच."

"पण आप्पा, ती पाण्यात विरघळतेय."

"तू आता मला राळ शिकवणार?" त्यांनी हातोडी खाली ठेवली. "एकतीस वर्षं केलंय हे काम. तुझं यंत्र कालचं."

ते उठून आत गेले. खुर्ची तीन पायांवर तशीच कलंडलेली राहिली.

त्यानंतर चार दिवस ते तिच्याशी थेट बोलले नाहीत. चहा हवा का विचारलं, तर सासूबाईंकडे बघून म्हणायचे, "तिला सांग, नको." नवऱ्यानं मध्ये पडायचा प्रयत्न केला. तो औषधांच्या दुकानात काम करत असे. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून आलेल्या माणसाला घरात शांतता हवी असते. "सरळ लिहून टाक ना अहवालात, की चिकटवायला काही तरी लावलेलं आढळलं," तो म्हणाला. "आप्पांचं नाव कशाला मध्ये?"

"नाव नकोच आहे मला. पण कुठल्या हाडाला ते लागलं आणि कुठल्या नाही, हे फक्त त्यांनाच माहितीये. अंदाजानं एकेक हाड फोडत बसले तर पेटीत काही उरणार नाही."

गुरुवारी ती कामावरून लवकर आली. सासूबाई जेवणाच्या टेबलावर मटार सोलत बसल्या होत्या. तिनं हात धुतले आणि समोर बसून सोलायला घेतलं. चिमट्याशिवाय.

"कशावरून धुमसताय गं दोघं?" सासूबाईंनी विचारलं. "घरात जणू सुतक आहे."

तिनं सगळं सांगितलं. गाय, पिवळा थर, कोमट पाणी. सासूबाईंचे हात थांबले. मग त्या हसायला लागल्या. इतक्या, की शेंगा मांडीवरून खाली गेल्या.

"अगं, तो सरस."

"सरस?"

"सुताराचा. जनावरांची कातडी उकळून करतात तो गोंद. ह्यांनी माझ्या दुधाच्या पातेल्यात शिजवला. नऊ दिवस. घरात असा वास, की शेजारीण दार लावून बसायची. पातेलं मी शेवटी टाकून दिलं. त्याच्यात तापवलेलं दूध कोणी प्यायलं असतं?"

"आई, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू मला विचारलंस कुठे? तू त्यांना विचारलंस."

गायीचं कोडं सुटलं होतं. गायीच्या कातड्याचा सरस हाडांत मुरला होता, आणि यंत्रानं हाडातलं प्रथिन म्हणून सरसाचंच प्रथिन वाचलं होतं. चिमटाबाई तशीच उठून गॅलरीत गेली. आप्पांनी खुर्चीचा पाय आता बसवला होता आणि त्याच खुर्चीत ते वर्तमानपत्र धरून बसले होते. खोलीतलं हसणं त्यांच्या कानावर गेलेलं असणारच.

"आप्पा, मला कोणाला दोषी ठरवायचं नाहीये. मला एक असं हाड हवंय, ज्याला सरस लागलेला नाही."

आप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली, त्या घडीची आणखी एक घडी घातली.

"राळेचा डबा येणार होता बाहेरून," ते म्हणाले. "तो अडकला बंदरात. इकडे पेटीचं उद्घाटन नऊ दिवसांवर. तेव्हाचे प्रमुख म्हणाले, काहीही करा, पडदा सरकेल तेव्हा दोघं पेटीत दिसले पाहिजेत. हाडं कशी होती माहितीये? हात लावला की पीठ. सुताराकडून सरस आणला. पातळ करून ब्रशनं पाजला. हाडं प्यायली आणि धरून राहिली. नोंदीचा कागद आधीच टाईप होऊन आलेला. राळ म्हणून. मी सही केली."

"आणि राळ?"

"आली की. आठ महिन्यांनी. तोवर माझा सत्कार होऊन गेला होता." "दर वर्षी म्हणायचो, या वर्षी सांगून टाकू. मग निवृत्तच झालो. आणि आता तू म्हणतेस, मी माणसाची गाय केली."

"तुम्ही सरस पाजला नसता तर आज पेटीत पीठ असतं. मला तपासायला काहीच मिळालं नसतं."

"हे तू मला बरं वाटावं म्हणून बोलतेस."

"नाही. बरं वाटावं म्हणून मी कधी काही बोलते का? तुमच्या मुलाला विचारा."

आप्पांच्या मिशीखाली किंचित हालचाल झाली. "उद्या किती वाजता निघतेस?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दोघं संग्रहालयाच्या मागच्या खोलीत होती. तिथे दोन लांब टेबलांवर पांढरं कापड अंथरून पेटीतली हाडं मांडलेली होती. तिनं आप्पांना मोजे, टोपी, तोंडावरची पट्टी, अंगरखा असं सगळं चढवलं. "शस्त्रक्रिया करायचीय का?" ते पट्टीच्या आडून म्हणाले. पण टेबलाजवळ गेल्यावर त्यांची थट्टा थांबली. चाळीस वर्षांनी ते या हाडांना काचेशिवाय बघत होते. ते बोट टेकवायचे नाहीत, नुसतं वरून फिरवायचे, आणि एकेक सांगत जायचे.

"हा सरस. हाही सरस. इथे दोनदा दिला, पहिल्यांदा धरला नव्हता. हा मणका सरस. कवटीची ही डावी बाजू सरस. उजवी," त्यांनी मान तिरकी केली, "उजवी नाही. मातीच्या गोळ्यासकट अख्खी निघाली होती. हात लावायची गरजच पडली नाही."

"कानामागचा भागसुद्धा?"

"तोसुद्धा."

चिमटाबाई कवटीवर वाकली. कानामागचं ते हाड अंगातलं सगळ्यात घट्ट. डीएनए कुठे टिकला असेल तर तिथे. आणि मोठ्याच्या वरच्या जबड्यात सात दात जागेवर होते. दातावरचं कवच काचेसारखं बंद असतं, बाहेर सरस लागला तरी आत शिरत नाही.

"आणि लहानाचं?"

आप्पांचं बोट लहान कवटीवर आलं आणि थबकलं. "ही सगळी सरसातच आहे. चुरा होता नुसता."

"जबडा?"

"बाहेरून सरस."

"पण पोर पाचेक वर्षांचं. त्याची कायमची दाढ अजून जबड्याच्या आतच असेल, उगवलेली नसेल. तिथवर सरस गेला असेल?"

"माझा ब्रश गेला नाही. सरस त्याच्या मनानं गेला असला, तर मला माहीत नाही."

ती हसली. म्हणजे लहानाची दाढ मिळाली. पण कानामागचं हाड नव्हतं, आणि दोघांचं नातं सांगायला तेच लागणार होतं. आप्पा टेबलाच्या कडेला हात टेकून उभे राहिले. कपाळावर आठ्या.

"थांब. लहानाचा उजवा कान वेगळा सापडला होता. माती चाळताना. मी बसवून बघितला, बसेना. जबरदस्ती केली असती तर पोराचा चेहरा वाकडा झाला असता. मी डबीत घालून ठेवला."

"कुठे आहे डबी?"

"कोठारात दिली. पुढे काय झालं देव जाणे."

कोठार सांभाळणारा माणूस म्हणाला, सुट्या डब्या कधीच्याच केरात गेल्या असतील. नोंदवहीत काही नव्हतं. चिमटाबाईनं विचारलं, किती खोकी आहेत. तो म्हणाला, सव्वातीनशेच्या वर. "बरं," ती म्हणाली, आणि पहिलं खोकं ओढलं.

चार दिवस ती खोकी उघडत होती. सकाळी प्रयोगशाळेत दातांचं काम, दुपारी कोठार. आप्पा रोज यायचे. वाकता येत नसे, म्हणून दाराशी स्टुलावर बसून खोक्यांचे क्रमांक वाचायचे आणि झालेल्यांवर खूण करायचे. नाकातोंडात धूळ जाऊन दोघंही शिंकत होते. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "नसेल ती आता. नाद सोड."

"अजून नव्वद राहिलीत."

"माझ्यासाठी करत असशील तर नको."

"हाडासाठी करतेय, आप्पा. तुम्ही पुढचा क्रमांक वाचा."

डबी दोनशे ऐंशीव्या खोक्यात मिळाली, खापरांच्या पिशव्यांखाली. जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाची पत्र्याची डबी. वर चिकटवलेल्या कागदावर आप्पांचं बारीक वळणदार अक्षर, 'लहान. उजवा कान. बसत नाही.' आत कापसात बोराएवढं हाड. त्याला सरसाचा स्पर्शही झालेला नव्हता.

आता प्रमुखांची परवानगी हवी होती, कारण मोठ्या कवटीला भोक पाडावं लागणार होतं. दोघं त्यांच्या खोलीत गेले. तिनं बोलायच्या आधीच आप्पा म्हणाले, "साहेब, हाडांना राळ नाही, सरस आहे. मी लावला. फाईलीतली नोंद खोटी आहे आणि सही माझी आहे."

प्रमुखांनी दार बंद केलं. "आप्पा, झाकली मूठ राहू द्या. चाळीस वर्षं कोणी विचारलं नाही."

"आता ही विचारतेय."

"भोक नक्की केवढं?" प्रमुखांनी चिमटाबाईला विचारलं.

"मसुरीच्या डाळीएवढं. खालच्या बाजूनं. पेटीत ठेवल्यावर दिसणार नाही."

"आणि पुन्हा गाय आली तर?"

"तर मी लिहून देईन की मला जमलं नाही."

त्यांनी सही केली.

सहापैकी तीन आठवडे उरले होते. सुरुवातीलाच तिनं स्वतःच्या आणि आप्पांच्या गालाच्या आतून कापसाच्या बोळ्यानं नमुने घेतले, म्हणजे दोघांपैकी कोणाचा डीएनए हाडात मिसळला असेल तर ओळखता आला असता. मग मोठ्याचा एक दात घेतला, त्याच्या कवचावर सौम्य आम्ल सोडलं आणि सुटलेली प्रथिनं यंत्राला दिली. या वेळी गाय नव्हती. माणूस होता. दाताच्या कवचातलं एक प्रथिन पुरुषात दोन रूपांत सापडतं, बाईत एकाच. इथे एकच रूप आलं. तिनं लगेच कोणाला सांगितलं नाही. दुसरं रूप क्षीण असेल तर यंत्राच्या नजरेतून निसटूही शकतं. तिनं दुसरा दात घेतला. पुन्हा एकच. लहानाची दाढ जबड्याच्या आतून अलगद काढली. तिथेही एकच.

डीएनएचं काम मात्र पहिल्या खेपेला फसलं. मोठ्याच्या हाडाच्या भुकटीत मातीतल्या जंतूंचाच भरणा निघाला. मोठ्या मॅडम म्हणाल्या, दातांचं उत्तर आहे ना, तेवढ्यावर थांब. तिनं त्याच भोकातून आणखी खोल जाऊन पुन्हा भुकटी घेतली. आठ दिवस ती जेवणाच्या सुट्टीतही खुर्चीवरून उठली नाही. दुसऱ्या खेपेला माणसाचे धागे मिळाले. जुन्या डीएनएचे असतात तसे आखूड, टोकाला झिजलेले. तिचे नव्हते, आप्पांचे नव्हते. दोन्ही हाडं बायकांचीच, हे इथेही पक्कं झालं.

सहावा आठवडा संपायच्या दोन दिवस आधी ती घरी आली आणि जेवणाच्या टेबलाशी सगळ्यांना बसवलं.

"ते पिता आणि पुत्र नाहीत," ती म्हणाली. "मोठी बाई आहे, पंचविशीची. लहान मुलगी आहे."

"म्हणजे आई आणि लेक," नवरा म्हणाला.

"मलाही तेच वाटलं होतं. पण आई असती तर निम्मा वाटा जुळला असता. इथे चतकोरच जुळतो. आणि डीएनएचा एक धागा फक्त आईकडूनच मुलांना मिळतो. तो दोघींचा वेगळा आहे. म्हणजे ती आई नाही, मावशी नाही. नातं बापाकडचं आहे."

सासूबाईंनी क्षणाचाही विचार केला नाही. "मग आत्या."

"किंवा बापाकडून सावत्र बहीण. आजी म्हणावं तर वय बसत नाही."

"आत्याच. भाचीला अशी कवटाळून आत्याच झोपते."

"यंत्र एवढं सांगत नाही, आई."

"यंत्राला कुठे आत्या असते?"

आप्पा टेबलावरच्या कागदाकडे बघत होते, ज्याच्यावर तिनं दोघींचे धागे रंगीत रेघांनी काढून दाखवले होते. "मी तिच्या खांद्याला तीनदा सरस दिला होता," ते शेवटी म्हणाले. "हात असा ठेवला होता तिनं, की सांधा धरेचना. मला वाटलं होतं, बाप्या माणूस आहे, केवढा हळवा."

नंतरची बैठक सोपी गेली नाही. प्रमुखांना बाई पटली, मुलगीही पटली, पण कुऱ्हाड पटत नव्हती.

"कुऱ्हाडीचं काय करायचं?"

"काही करायचं नाही. ती तिच्या हाताशी सापडली. तशीच ठेवायची."

"आणि ही सरसाची ओळ पाटीवर कशाला? लोकांना काय करायचंय?"

"ती ओळ नसेल तर माझं उत्तरही पाटीवर लावू नका. उद्या दुसरं कोणी याच हाडांची तपासणी करेल आणि त्यालाही गाय दिसेल. त्याला कोण सांगणार?"

तासभर घासाघीस झाली. शेवटी पाटीवर मजकूर आला तो असा: 'स्त्री आणि मुलगी. नातं वडिलांकडचं, बहुधा आत्या आणि भाची. हाडं चाळीस वर्षांपूर्वी सरसाने सांधून वाचवली. त्यामुळे तपासणी दात आणि कानामागच्या हाडांवरून केली.' 'वाचवली' हा शब्द प्रमुखांनी स्वतः घातला. आप्पांनी स्वतःच्या हातानं दोन पानी निवेदन लिहून फाईलीत लावलं. घरी आल्यावर ते प्रशस्तिपत्रक भिंतीवरून काढायला निघाले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, त्याच्यामागे भिंतीला ओल आली आहे, ते तिथेच राहू दे. ते राहिलं.

उद्घाटनाला आप्पा गेले. मागच्या रांगेत बसले आणि भाषणं संपायच्या आधी उठून पेटीपाशी जाऊन आले.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्यांनी एक कागद पुढे केला. रेघा मारून केलेली यादी होती. रांजण, कवट्या, हस्तिदंती फण्या, दोन नावा.

"हे काय?" चिमटाबाईनं विचारलं.

"एकतीस वर्षांत मी ज्या-ज्या वस्तू सांधल्या, त्यातल्या आठवल्या तेवढ्या. एकसष्ट आहेत. कशाला सरस, कशाला राळ, कशाला मेण, हे आता माझ्याच डोक्यात आहे. कागदावर जे आहे त्याचा भरवसा नाही. माझं डोकं किती दिवस चालेल, त्याचाही नाही."

तिनं प्रमुखांना फोन केला. गुरुवारी दुपारची वेळ ठरली.

त्या गुरुवारी दोघं नव्या इमारतीच्या तळघरात पहिल्या कपाटासमोर बसले. तिनं त्यांना मोजे चढवले, समोर तिवईवर दिवा लावला, वही उघडून तारीख टाकली. पहिली वस्तू एक मोठा मातीचा कुंभ होता, काठाला चार तुकडे जोडलेला. आप्पांनी तो दिव्याकडे वळवला. डोळे बारीक करून सांधा पाहिला, वरून खाली, पुन्हा खालून वर.

"लिही," ते म्हणाले. "हे काम माझं नाही. एवढा ओबडधोबड सांधा मी पहिल्या वर्षीसुद्धा केला नसता."

तिनं लिहिलं, आणि दुसरी वस्तू पुढे सरकवली.